लाइन बंद केली रेल्वेने, मग बस कोणी द्यायची?

कुहीवाला
मंडळी, बरेच दिवसांपासून डोक्यात घोळून राहिलं म्हणून विचारतो. नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी (नॅरोगेज) लाइन 2019 च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी बंद झाली. ब्रॉडगेज पाहिजेच होती, त्यात वाद नाही, पण काम वर्षानुवर्षं लांबत गेलं, तेवढ्या काळात इकडच्या लोकांनी जायचं कसं हे कोणी ठरवलं होतं का? उमरेडवाले हायवेवर आहेत, त्यांचं चालून जाते. पण गाडी तर तितूर-कुहीकडून वळून उमरेडला जायची ना, त्यामुळे कुहीहून उमरेडला सरळ जाता येत होतं, तेही अगदी स्वस्तात. एका ऑफिसात विचारलं तर म्हणे रेल्वेला विचारा. रेल्वेतल्या एका साहेबांना विचारलं तर म्हणे बस आमचा विषयच नाही. कायद्याने जबाबदारी आहे कोणाची?

धंतोली_पॅसेंजर
खरं सांगू का भाऊ, कोणाचीच नाही. रेल्वे केंद्राच्या सूचीत, एसटी राज्याची. 1989 च्या रेल्वे कायद्यात लाइन बंद केली तर बस द्याच असं बंधन रेल्वेवर घातलेलं नाही. मुंबईत मेगाब्लॉक असला की जादा बस सोडा अशी विनंती जाते, 2024 च्या त्या 63 तासांच्या ब्लॉकलाही बेस्ट नि एसटीच्या जादा गाड्या सोडल्या होत्या. पण विनंती ती विनंतीच, आणि ती दोनतीन दिवसांची. पाच-पाच वर्षांचा ब्लॉक कोण निस्तरणार?

गंमत बघा, या लाइनचं काम महारेलकडे, नि महारेल म्हणजे रेल्वे मंत्रालय नि राज्य सरकारची भागीदारीतली कंपनी. म्हणजे रूळ टाकायला दोघं एका टेबलावर बसतात, बसचा विषय निघाला की दोघांचे टेबल वेगळे.

भारमान_वाले_काका
एसटीत नोकरी गेली माझी सगळी, म्हणून थोडं लांबण लावतो. एसटी महामंडळ 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालतं. त्याच्या कलम 3 मध्ये महामंडळ काढण्याचं एक कारण म्हणून रस्ते वाहतुकीची इतर वाहतुकीशी सांगड घालणं दिलेलं आहे, आणि कलम 18 म्हणतं पुरेशी, कार्यक्षम सेवा द्या. वाचायला मस्त. पण लगेच कलम 22 येतं, कारभार व्यापारी तत्त्वावर करा. आगारात बसणाऱ्या माणसाला रोज याच 22 चा हिशोब द्यावा लागतो. फेरीचं भारमान, म्हणजे किती सीटा भरल्या त्याचं प्रमाण, पडलं की पहिला प्रश्न, गाडी चालवता कशाला?

त्यात छोट्या लाइनचा प्रवासी म्हणजे नुसता माणूस नाही ना बाप्पा. भिवापूरहून मिरचीचं पोतं, दुधाच्या कॅन, भाजीची टोपली, सगळं डब्यात चढायचं. एसटीत तेच पोतं आणलं की वाहक म्हणतो लगेज काढा, टपावर टाका, आणि मागची माणसं गाडी सोडा म्हणून ओरडतात. म्हणजे बसची फेरी दिली तरी रेल्वेची बरोबरी होत नाही, हे मी एसटीचा माणूस असून सांगतो.

पण फेरी तोट्यात चालवता येतच नाही असं नाही. 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत नि बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, त्याची भरपाई सरकार महामंडळाला देतंच ना. तसंच लाइन बंद असेपर्यंत अमुक फेऱ्यांचा तोटा सरकारने भरावा असं ठरवता आलं असतं. मागितलंच नाही कोणी वेळेवर.

सदर_बाजार_नाका
काका बरोबर. ब्रिटनमध्ये तोट्यातल्या रेल्वे लाइनी बंद करा म्हणणाऱ्या 1963 च्या बीचिंग अहवालानंतर ढिगाने लाइनी बंद झाल्या, तिथे मंत्री लाइन बंद करायला मंजुरी देताना अट घालू शकत होता की आधी पर्यायी बस हवी. लोकांना किती त्रास होईल यावर प्रवाशांची एक समितीही अहवाल द्यायची. पण तिथेही अशा बऱ्याच बसेस पुढे गुपचूप गेल्या, प्रवासी नाहीत म्हणून. 1968 च्या कायद्यात ग्रामीण बसला अनुदान द्यायची तरतूद झाली तेव्हा स्थानिक कौन्सिलांवर भार आला. म्हणजे अट असली तरी पैसा कोण नि किती वर्षं देणार हे लिहिलेलं नसलं की संपलं.

इतवारी_टाइमपास
छिंदवाडा लाइनही 2015 च्या शेवटी अशीच बंद झाली होती, सावनेर-केळोद साइडच्या लोकांनी काय केलं माहीत आहे का? काळीपिवळीत कोंबून गेले. जबाबदारी त्या ड्रायव्हरने घेतली 😄

कुहीवाला
थँक्यू सगळ्यांना, विशेष करून काका. मग आता अर्ज कोणाकडे टाकू?

भारमान_वाले_काका
एसटीच्या विभाग नियंत्रकांना द्या, प्रत आगार व्यवस्थापकांना आणि आमदारांना. नुसतं "बस सुरू करा" लिहू नका. कुही ते उमरेड, सकाळी कॉलेजच्या वेळेची जाणारी नि संध्याकाळची परतीची, एवढ्या दोनच फेऱ्या मागा. कॉलेजकडून पास काढणाऱ्या पोरापोरींची यादी सहीशिक्क्यासकट जोडा, कारण भारमान किती येईल हे त्यांना आधी कागदावर दिसायला हवं. आणि तोटा आला तर तो राज्य सरकारने भरावा ही मागणी वेगळ्या पत्रात, थेट परिवहन मंत्र्यांना. एकाच कागदात दोन्ही घातलं तर आगारवाले तोच कागद पुढे ढकलून मोकळे होतात.