पॅटिना, झीज की काळवंड? जुन्या पिस्तुलाच्या पृष्ठभागाचे शब्द

विचारणा : ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा संरक्षक थर) नव्याने केलेल्या जुन्या पिस्तुलाला पुन्हा वापरातलं रूप कसं द्यावं, यावर मराठीत लिहितोय. 'पॅटिना'ला, म्हणजे वापराने आणि काळाने पृष्ठभागाला येणाऱ्या जुनेपणाला, काय म्हणावं? 'गंज' लिहिलं तर अर्थ बिघडतो, 'झिलई' तर अगदी उलट.

प्रतिसाद : 'गंज' नकोच. तांबडा गंज सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि खालचं पोलाद खात राहतो. ब्लूइंगचा थरही लोहाचाच ऑक्साइड, पण तो मॅग्नेटाइट : काळा आणि घट्ट बसणारा. फक्त रस्ट ब्लूइंगबद्दल लिहिताना 'गंज आणणे' चालेल. तिथे तांबडा गंज मुद्दाम आणतात, उकळत्या पाण्यात तो काळा होतो, सुटी पूड मऊ तारेच्या ब्रशने झाडतात आणि हेच चक्र अनेकदा फिरवतात. 'कळंक' तांब्या-पितळेचा. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तो शब्द पोलादाला लावू नका. चापाचं कडं पितळी असेल तर मात्र तोच नेमका.

प्रतिसाद : माझ्या मते एका शब्दात हे मावत नाही, कारण कामं दोन आहेत. उंच भागावरचा थर उडतो ती 'झीज'. उघडं पडलेलं पोलाद हवेने करडं होतं ते 'काळवंडणं'. नवशिके झीज करतात आणि काळवंडणं विसरतात, म्हणून कडा चांदीसारख्या पांढऱ्या दिसतात आणि पिस्तूल कालच घासल्याचं कळतं.

कृती अशी. पिस्तूल रिकामं आहे हे नळीत डोकावण्याआधी मॅगझिन काढून आणि चेंबर पाहून तपासा, मग सुटे भाग करा. नळीचं आतलं अंग, चेंबर, स्प्रिंगा आणि चाप-घोड्याच्या अडकणाऱ्या कडा यांना हात लावायचा नाही. बाकीचे भाग ॲसिटोनने पुसा. तेलाचा बोटाएवढा डाग राहिला तरी पुढे लावायचं कोल्ड ब्लूचं (न तापवता पोलाद काळं करणारं) द्रावण तिथे धरत नाही. मग चार शून्यांच्या (अगदी बारीक) स्टील वूलवर थेंबभर तेल घेऊन म्यान जिथे घासतं तिथेच घासा : नळीच्या तोंडाजवळच्या कडा, स्लाइडचे कंगोरे, मुठीची पुढची बाजू. खाचा, स्क्रूभोवतीची जागा आणि कोरलेली अक्षरं काळीच राहू द्या. पॉलिश पेपर टाळा, त्याचे एका दिशेचे ओरखडे लगेच ओळखू येतात.

पुन्हा तेल पुसून कोल्ड ब्लूचं द्रावण डिस्टिल्ड पाण्यात पाचपट पातळ करा, कापसाने उघड्या पोलादावर फिरवा आणि काही सेकंदांत ओल्या कापडाने पुसा. गडद झालं तर वूलने हलकं करा. एकदम काळं करण्यापेक्षा दोन-तीन हलके हात बरे. अशी बरीच द्रावणं सेलेनियमच्या संयुगांची असतात, म्हणून हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

प्रतिसाद : एक भर. जुनेपण आणायला काही जण ब्लीच लावतात. ते नको, क्लोराइड सूक्ष्म खड्ड्यांत बसतं आणि नंतर आतून तांबडा गंज फुटतो. व्हिनेगरने थर उतरतो, पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर वापरलंच तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, भाग गरम हवेने कोरडे करा, मग तेल. स्टेनलेस पोलादावर आणि निकेलच्या मुलाम्यावर कोल्ड ब्लू चढत नाही, तिथे 'काळवंडणं' हा शब्दही लिहू नका.

विचारणा करणारा : मग मी 'झिजवणे' आणि 'काळवंडवणे' अशी दोन क्रियापदं ठेवतो. 'पॅटिना' फक्त एकूण रूपासाठी. 'रया जाणे' कसं वाटतं?

प्रतिसाद : 'रया जाणे' म्हणजे शोभाच गेली, इथे तर शोभा आणायची आहे. 'पॅटिना' राहू द्या. विक्रीच्या वर्णनात मात्र 'जुनी झीज' आणि 'केलेली झीज' वेगळी लिहा, आणि ब्लूइंग नवं आहे हेही त्याच ओळीत.