प्रतिसाद: पगाराआधी ओळख

१०८ रुग्णवाहिकेवरची माणसं नोकरी सोडून का जातात, यावर 'पगार वाढवा, माणसं टिकतील,' असं म्हटलं जातं; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. पगार वाढायलाच हवा. कंत्राटी नोकरी, बारा तासांची पाळी आणि रात्री घाटातला अपघात, हे सगळं तुटपुंज्या पैशांत कोणी किती वर्षं करणार? पण माणूस सोडून जातो त्याला आणखी एक कारण आहे.

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. गाडीत डॉक्टर, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर, आणि चालकाला म्हणायचं पायलट. इतर बऱ्याच राज्यांत हेच काम प्रशिक्षित आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ करतात. आपल्याकडचा डॉक्टर मात्र या नोकरीकडे स्वतःचा दवाखाना सुरू होईपर्यंतचा थांबा म्हणून बघतो. त्याला दोष देत नाही मी, पुढची पायरीच नाही तर तो काय करणार? चालत्या गाडीत बाळंतपण करण्याचा, रक्तस्राव थांबवण्याचा त्याचा अनुभव कुठल्याच बढतीत मोजला जात नाही. आणि तो गेला की ते कौशल्यही जातं. मला सगळ्यात जास्त हे सलतं.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या (डॉक्टर-परिचारिकांखेरीजच्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांच्या) यादीत आपत्कालीन तंत्रज्ञांनाही जागा दिली आहे. नोंदणी, ठरलेला अभ्यासक्रम, वेतनश्रेणी ही साखळी त्यातून जोडता येईल. राज्याने पुढच्या कंत्राटात गाड्यांच्या संख्येइतकीच किमान वेतनाची आणि बढतीची अटही लिहून घ्यावी. पायलटलाही त्यातून वगळू नये, स्ट्रेचरचं दुसरं टोक तोच उचलतो.