मदत हवी आहे: माझ्या कादंबरीतलं अथेन्स ठप्प झालंय

इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सचं आरमार सिसिलीतल्या सिराक्यूजवरच्या मोहिमेतून सुखरूप परतलं, असं धरून कादंबरी लिहितेय. नागरिकांची सभा भरायची त्या प्निक्स टेकडीवर हात वर होतात, जहाजांच्या डागडुजीचा ठराव मंजूर होतो, आणि लगेच कुणीतरी शपथ घेऊन तो बेकायदा ठरवायला उठतो. ही खरीच सोय होती, ग्राफे पारानोमोन. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ठराव लटकायचा. माझ्याकडे दोन्ही गट हेच हत्यार उपसतात. अथेन्सच्या पिरेअस बंदराच्या धक्क्यावर जहाजं कुजतायत.

यातून वाट कशी काढू? खापरांवर नाव कोरून एका पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करावं, तर त्याला 6000 मतदार लागत, आणि हायपरबोलस या पुढाऱ्याला असं हद्दपार केल्यानंतर अथेन्सने ती प्रथा वापरलीच नाही. हुकूमशहा आणून गाठ सोडवणं मला अजिबात पटत नाही. ग्रीक इतिहास वाचलेल्यांनी कृपया सुचवा.