इसे जिंगू : गेला असाल तर अनुभव लिहा

जपानमधलं इसे जिंगू हे शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने उभारतात. पहिल्यांदा इ.स. ६९० मध्ये, अलीकडे २०१३ मध्ये, आता २०३३ मध्ये. तयारीचे विधी २०२५ पासून सुरू झालेत, म्हणून हा धागा. माहितीपत्रकातलं नको, स्वतः पाहिलेलं लिहा मंडळी.

नागोयाहून :
आई आली होती तेव्हा गेलो. रिवाजाप्रमाणे आधी गेकू म्हणजे बाहेरचं देऊळ, मग नाइकू म्हणजे आतलं. गेकूत तोयोउके ही अन्नाची देवी. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ देवांना नैवेद्य असतो आणि त्यासाठी विस्तव लाकडावर लाकूड घासून पाडतात. आई जागीच थांबली. "म्हणजे अरणीमंथनच की!" मग नैवेद्याला काय असतं, ही चौकशी. भात, मीठ, पाणी, भाज्या, साके (तांदळाची दारू) आणि मासे. मासे म्हटल्यावर आमच्या मालवणी मातोश्री खूश! नाइकूत, सूर्यदेवी अमातेरासूच्या दारात, ती चपला काढायला वाकली. तिथे सगळे पायताणासकटच उभे राहतात, पण तिला ते काही केल्या पटेना. शेवटी बाजूला काढून ठेवल्या आणि नुसत्या मोज्यांवर हात जोडले. कोणी हटकलं नाही.

ओसाकाहून :
मी आधी नाराज झाले. एवढं लांब जायचं आणि देऊळ धड दिसतच नाही. एकाआड एक कुंपणं, दाराला पांढरा पडदा, पायऱ्यांच्या वर फोटोला बंदी. दिसतं ते गवताने शाकारलेलं छप्पर आणि त्यावरचे आडवे ओंडके, बस. पण शेजारची रिकामी जागा जरूर बघा. दगडगोट्यांचं अंगण आणि त्यात एक लहानशी लाकडी खोपटी; मधल्या खांबाची जागा तेवढी झाकलेली. २०१३ पर्यंत देऊळ तिथे होतं, २०३३ मध्ये पुन्हा तिथेच येणार. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभी होते.

पुण्याहून :
मी वास्तुरचनाकार आहे. इथे जुनं लाकूड टाकून देत नाहीत. मुख्य मंदिरांचे आढ्याखालचे मोठे खांब नाइकूच्या वाटेवरच्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांना तोरी (लाकडी कमानी) म्हणून उभे राहतात, आणि पुढच्या २० वर्षांनी आणखी दुसरीकडे जातात. २० वर्षांचंच चक्र का, याची कारणं बरीच सांगतात. मला पटलेलं हे : पोरवयात हाताखाली काम केलेला सुतार पुढच्या खेपेला स्वतः काम चालवतो, म्हणून विद्या टिकते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे ऑइलपेंट आणि चकचकीत फरशी. कोकणातली कोरीव लाकडी देवळं अशी गेलेली पाहून मला फार वाईट वाटतं.

क्योतोहून :
आकाफुकूची मिठाई चुकवू नका, १७०७ पासूनचं दुकान आहे. मऊ मोचीवर (चिकट तांदळाचा गोळा) अझुकीचं, म्हणजे लाल चवळीसारख्या कडधान्याचं, गोड पुरण, त्यावर इसुझु नदीच्या प्रवाहाच्या खुणा म्हणून बोटांनी ओढलेले चरे. मंदिर पहाटे ५ ला उघडतं. लवकर जा, नंतर टूरच्या बसगाड्या येतात.