सांदण दरी: पूर्ण उतरावी की अर्ध्यातून परत यावं? सोबत तेरा वर्षांची लेक आहे

मुलुंडकर_आई

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांदणचा, म्हणजे भंडारदऱ्याजवळच्या त्या अरुंद खोल घळीचा बेत आहे. सहा जण आहोत. मी, नवरा, लेक (वय तेरा), दीर-जाऊ आणि जावेचा भाऊ. कळसुबाई झालंय, पाचनईकडून हरिश्चंद्रगडही झालाय, त्यामुळे चालायची भीती नाही. पण दोरावर उतरायची सवय आमच्यात फक्त जावेच्या भावाला आहे.

लेकीला पूर्ण दरी उतरून खाली पायथ्याच्या डेहणे गावाला निघायचंय. गेले दोन महिने घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याला मात्र उंचीची भीती वाटते. तो बोलून दाखवत नाही, पण हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी तो आलाच नव्हता, लांब झाडाखाली बसून राहिला होता.

शहरातून निघणाऱ्या एखाद्या मोठ्या ग्रुपबरोबर जावं की थेट घळीच्या वरच्या अंगाला असलेल्या साम्रद गावातले गाईड घ्यावेत? तेरा वर्षांच्या मुलीला रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) करू द्यावं का? आणि नवऱ्याला नाहीच जमलं तर मधून परत येता येतं का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भटक्या_कल्याण

गाईडची काही गरज नाही. घळ एकच आहे, चुकायला दुसरी वाट कुठे आहे? आम्ही चौघे आमचा दोर घेऊन गेलो आणि सुखरूप आलो. शनिवार-रविवार टाळा, तुफान गर्दी असते. कसाऱ्याहून जीप मिळते.

सिन्नरकरीण

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, बाकी सगळं त्यावरच ठरणार आहे.

मधून परत येता येतं, पण एका ठरावीक जागेपर्यंतच. गावातून घळीच्या तोंडाशी पोचायला अर्धा तास पुरतो. आत शिरल्यावर मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत जायचं, मग पाण्याचे दोन डोह पार करायचे. दोन्ही बाजूंचे कातळ दोन-तीनशे फूट चढत गेलेले, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागतात. असं करत तुम्ही पहिल्या मोठ्या उताराच्या डोक्यावर येता. तिथवर कोणीही जाऊन परत येऊ शकतं, पुष्कळ लोक तेवढंच करतात. तिथून पुढे दोर लागतो. पहिला टप्पा साधारण 45-50 फुटांचा, नंतरचे त्याहून लहान. सगळे उतरले की गाईड दोर खाली ओढून घेतात, कारण तोच पुढच्या टप्प्याला लागतो. दोर ओढला की आल्या वाटेनं परत फिरणं संपलं. मग दमलात, घाबरलात, पाय मुरगळला तरी खालीच जायचं. डेहण्याला तरी निघायचं, नाहीतर करोली घाटाची पायवाट चढून पुन्हा साम्रदला यायचं.

म्हणून तुमच्या नवऱ्याचा निर्णय त्या पहिल्या टप्प्याच्या डोक्यावर व्हायला हवा. घरी बसून नको, आणि दोराला लटकल्यावर तर नकोच नको. आणि तो निर्णय तुम्ही दोघांनी आपसात करू नका, गाईडला करू द्या.

मी सांदणला दोनदा गेले. पहिल्यांदा 2014 मध्ये, शहरातल्या एका ग्रुपबरोबर. नाव लिहीत नाही. माणसं पन्नासच्या वर आणि पहिल्या टप्प्याला दोर दोन. माझा नंबर लागेपर्यंत साडेतीन तास एका धोंड्यावर बसून होते. जानेवारीतसुद्धा त्या घळीत ऊन उतरत नाही, डोहातून आल्यावर अंगावरचे कपडे वाळत नाहीत. शेवटची माणसं दुसऱ्या टप्प्यावर होती तेव्हा अंधार पडला. एक कॉलेजची मुलगी थंडीनं इतकी कुडकुडत होती की तिला हार्नेसचं (दोराला अडकवायच्या कमरेच्या पट्ट्याचं) बकल स्वतः लावता येईना. त्या दिवशी काही वाईट घडलं नाही ते निव्वळ साम्रदच्या चार पोरांमुळे. ग्रुपनं त्यांना सामान वाहायला घेतलं होतं. अंधारात बॅटरी धरून, एकेकाचा पाय हातानं धरून धोंड्यावर ठेवत त्यांनी आम्हाला खाली आणलं. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्यापैकी एकाचंही नाव विचारलं नव्हतं. ते मला फार लागलं.

म्हणून 2019 मध्ये बहीण आणि तिच्या मुलांना घेऊन गेले तेव्हा थेट गावात फोन केला. आम्ही सात जण आणि तीन गाईड. मुख्य गाईड पन्नाशीचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सोबत त्यांचा पुतण्या आणि आणखी एक मुलगा.

मामांनी घळीत शिरण्याआधी झऱ्यावर सगळ्यांच्या बाटल्या भरून घेतल्या आणि आम्हाला बसवून पाच मिनिटं फक्त बघत राहिले. मी विचारलं, मामा, काय बघताय? म्हणाले, "वानरं हायत का वर ते बघतो." वरच्या काठानं वानरांचा कळप निघाला की सुटे दगड खाली येतात, आणि तेवढ्या उंचीवरून आलेला मुठीएवढा दगड हेल्मेट नसलं तर माणूस ठेवत नाही. दोरावर जाताना हेल्मेट घालतात, पण आम्हाला त्यांनी ते घळीच्या तोंडापासूनच घालायला लावलं. सेंट, अत्तर कोणी लावलंय का तेही विचारलं, आग्या मोहोळाची धास्ती म्हणून.

पहिल्या डोहाशी आल्यावर त्यांनी काठी पाण्यात घालून तळ चाचपला. दर आठवड्याला जाणारा माणूस, तरी काठी घातलीच, कारण तळाचे दगड सरकतात. पहिल्या डोहात पाणी गुडघ्याच्या वर होतं, दुसऱ्यात माझ्या कमरेच्या वर (मी पाच फूट एक इंच). पाणी इतकं गार की पाय ठेवल्यावर क्षणभर श्वास अडकतो. मोबाईल, कोरडे कपडे, टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डोक्यावर घ्या.

दुसऱ्या डोहानंतर मामांनी काठीनं वर दाखवलं. दोन कातळांच्या फटीत एक ओंडका आडवा अडकलेला होता आणि त्याला वाळलेल्या गवताचा मोठा पुंजका गुंडाळलेला, घरट्यासारखा. आमच्या डोक्यावर दोन-अडीच पुरुष उंच. माझ्या भाच्यानं विचारलं, हे कोणत्या पक्ष्याचं? मामा म्हणाले, "पक्षी न्हाई बाळा. पानी. आखाडात पानी इथवर येतं." सगळे गप्प झालो. पावसाळ्यात या घळीत का शिरू नये यावर मी पुष्कळ वाचलं होतं, पण खरं कळलं ते त्या पुंजक्याकडे बघताना. वरच्या पठारावरचं सगळं पाणी या एवढ्याशा चिरेत येतं, आणि आत असलेल्या माणसाला वर पाऊस सुरू झाल्याचा पत्ताही लागत नाही, कारण आभाळाची नुसती एक पट्टी दिसते. भटक्या दादा, तुम्ही म्हणता वाट चुकायला जागा नाही, ते खरं आहे. पण गाईड वाट दाखवायला घ्यायचाच नसतो. आज आत जायचं की नाही आणि कोणी कुठून मागे फिरायचं, हे सांगायला तो लागतो.

आता माझ्या बहिणीचं. पहिल्या टप्प्यावर मामांनी सगळ्यांना हार्नेस घालून बसवलं. कोणाला काही विचारलं नाही, नुसतं प्रत्येकाच्या हातात दोराचं टोक देऊन "धरा जरा" म्हणाले. बहिणीच्या हाताला कंप होता, बोटं दोरावर मिटत नव्हती. मामा तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमी इथून माघारी. पुतन्या सोबत येतो. घरी चुलीपाशी बसा, आमी उद्या पोरांना घेऊन घाटानं वर येतो." तिनं डोळे पुसले आणि लगेच मान हलवली. पोरांसमोर मान खाली गेली असं तिला वाटू नये म्हणून त्यांनी पुतण्याला मोठ्यानं सांगितलं, "ताईंना रतनगड दाव, नेढं दिसतंय का बघ." (नेढं म्हणजे त्या गडावरच्या कातळाला पडलेलं आरपार भोक.) दुसऱ्या दिवशी दुपारी करोली घाट चढून आम्ही गावात पोचलो तर बहीण मामांच्या सुनेबरोबर अंगणात तांदूळ पाखडत बसली होती.

हे एवढं लांबण लावून लिहिलं ते यासाठी की तुम्हीसुद्धा किमान तीन गाईड घ्या. एक वर दोराशी, एक खाली, आणि एक मागे फिरणाऱ्याला सोबत करायला. दोनच असतील तर परत जाणाऱ्याला एकट्यानं जावं लागतं, आणि मग तो लाजेकाजेस्तव दोराला लटकतो.

लेकीला जरूर उतरू द्या. माझी भाची तेव्हा बारा वर्षांची होती. मात्र तिच्या मापाचा हार्नेस आहे का हे फोनवरच विचारा, मोठ्यांचा ढिला हार्नेस ओढून बांधून चालत नाही. उतरायच्या दोराशिवाय दुसरा सुरक्षेचा दोर तिच्या कमरेला असलाच पाहिजे, आणि तो वरच्या गाईडच्या हातात. केस घट्ट बांधा, मोकळे केस किंवा ओढणी डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या कडीत) अडकली की माणूस अधांतरी लटकून राहतो. तिला एवढंच सांगा की मागे रेलायचं, पाय कातळावर सपाट ठेवायचे, आणि खालचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. पहिली दोन पावलं सगळ्यांना अवघड जातात, नंतर मुलं आपल्यापेक्षा छान उतरतात.

शेंडीकर_पुण्यात

सिन्नरकर ताई, वाचताना गाव डोळ्यांसमोर आलं. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, म्हणून थोडी भर घालतो.

मुलुंडच्या ताई, आमच्या भागातल्या माणसांचं पोट पावसाळ्यातल्या भातावर. भात निघालं की हाताला काम नसायचं, लोक नारायणगावकडे मजुरीला जायचे. आता दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत सांदणमुळे काही घरं गावातच राहतात. म्हणून पैसे थेट गाईडच्या हातात द्या. किती द्यायचे ते फोनवर ठरवा आणि तिथे गेल्यावर घासाघीस करू नका.

पाणी जपून वापरा. घाटघर-रतनवाडीचा पाऊस आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त, आणि तरी उन्हाळा लागला की बायकांना हंडे घेऊन लांब जावं लागतं. कातळ पाणी धरत नाही. रतनगडावरून निघणारी प्रवरा पूर्वेला भंडारदऱ्याच्या धरणात आणि पुढे गोदावरीला जाते, सांदणचं पाणी पश्चिमेला कड्यावरून कोकणात उतरतं. दोन्हीकडे वाहून जातं, गावात थांबत नाही. अंघोळीला बादलीभर गरम पाणी मिळालं तर ते कुणीतरी वाहून आणलेलं असतं, एवढं लक्षात असू द्या.

आणि हा सगळा भाग अभयारण्यात येतो, वनखात्याची पावती फाडा. घळीत तंबू लावू देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. रात्री वरून दगड आला तर पळायला जागा नसते.

भटक्या_कल्याण

ताई, तो गवताचा पुंजका आम्ही पण बघितला होता. फोटोसुद्धा काढला. आम्हाला वाटलं कोणीतरी शेकोटीसाठी ठेवलाय. आम्ही गेलो होतो तेव्हा ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता आणि दुपारी घाटावर ढग होते. आज वाचून पोटात गोळा आला. माझं पहिलं उत्तर मागे घेतो. गाईड घ्याच.

मुलुंडकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सिन्नरकर ताई, तुमचं उत्तर मी नवऱ्याला वाचायला दिलं. बहिणीचा भाग त्यानं दोनदा वाचला. मग म्हणाला, मी डोहापर्यंत येतो, पुढचं तिथे बघू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं हे मोकळेपणानं कबूल केलं.

आज साम्रदला एका गाईडशी बोलले. तीन जण येतील, लहान हार्नेस आहे म्हणाले. त्यांनी मलाच उलट विचारलं, मुलीचं वजन किती आणि पोहता येतं का. गुरुवार-शुक्रवार ठरवलाय, म्हणजे गर्दीही नसेल. मुक्काम त्यांच्या घरी.

आता दोनच शंका. बूट कोणते घालावेत? आणि येताना डेहण्याकडून बरं की घाट चढून?

सिन्नरकरीण

वजन आणि पोहणं विचारलं म्हणजे माणूस योग्य आहे, निर्धास्त जा.

बूट जुनेच, पण तळ झिजलेला नको. नवे बूट ओल्या कातळावर पहिल्यांदा घालू नका. पाण्यात बूट काढायचे नाहीत, अनवाणी पाय हमखास दगडाच्या सापटीत अडकतो. सोबत मोज्यांचे दोन जोड जास्तीचे.

तुमचे मिस्टर वरून मागे फिरले तर तुम्हा सगळ्यांना घाटानंच वर यावं लागेल, कारण गाडी आणि माणूस दोन्ही साम्रदला असणार. करोली घाट उभा आहे, सकाळी लवकर निघा. सगळेच खाली उतरलात तर डेहण्याहून डोळखांबमार्गे आसनगाव स्टेशन गाठा, तिथून मुलुंडला लोकल आहे. पण मग गाडी साम्रदला नेऊ नका, कसाऱ्याहून जीप करा. हे आधी ठरवायला लागेल, तेवढं आजच बोलून घ्या.

आणि जेवणाचं माणशी किती भाकरी ते आदल्या दिवशी कळवा. तिथे नागलीची भाकरी चुलीवर करतात, ऐनवेळी आणखी दोन मागितल्या तर घरातल्या बाईच्या ताटातल्या येतात.