पोरांच्या लिखाणाला ब्लॉग पाहिजे की वही पुरे?

वावरातला मास्तर:
सातवीच्या वर्गाचा ब्लॉग सुरू करून आठ महिने झाले अन आता शाळेतच दोन पार्ट्या पडल्या, काही म्हणतात बंद करा, पोरांची वही सुटून राहिली. माझं मत एकदम उलट आहे. वहीतला निबंध मी एकटा वाचतो, लाल पेन फिरवतो, संपलं. एका पोरीनं कापसावर चार ओळी टाकल्या, 'कापसाला पांढरे सोने म्हणतात' वगैरे, सगळं गाईडातलं. खाली तिच्या पुण्यातल्या मामानं विचारलं, बाई, वेचताना बोटं नाही दुखत का? दुसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं की वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, आई रात्री बोटांना खोबरेल लावते, अन सकाळी दव असलं की कापूस जड भरते पण व्यापारी ओला म्हणून भाव पाडते. हे कोणत्या गाईडात आहे सांगा.

पऱ्हाटी:
सर, एवढा प्रश्न विचारायला ब्लॉग काऊन लागते? तुम्हीच वहीत लिहायचं ना. आमच्या घरी फोन एक, तो सकाळी बाबासोबत वावरात जाते अन रात्री आला की चार्जिंग नसते. ज्याच्या घरी दोन फोन त्याच्या लिखाणाखाली दहा जण बोलतात, माझ्या पुतण्याच्या खाली कोणीच नाही, पोरगं हिरमुसलं. अन पेपर तर हातानंच लिहायचा आहे.

वावरातला मास्तर:
पुतण्याचं वाचून वाईट वाटलं भाऊ. आमच्याकडं घरून कोणी टाकतच नाही, आधी वहीत, मग शुक्रवारी शाळेच्या एका लॅपटॉपवर आळीपाळीनं, अन प्रत्येकाच्या खाली वर्गातल्या दोघांनी एक प्रश्न विचारायचाच. टाइप करतानाच शुद्धलेखन होते. 'वऱ्हाड' लिहायला आधी ऱ, मग त्याचा पाय मोडायचा, मग ह. साधा र घेतला की रफार होऊन ह च्या डोक्यावर चढते. जोडाक्षर कसं बनते हे पोरांना तेव्हा डोळ्यांनी दिसलं, मी फळ्यावर वर्षभर सांगून नव्हतं दिसलं.

निवृत्त गुरुजी, अकोट:
माझा विरोध भाषेसाठी आहे. 'मले', 'तुले', 'काऊन' जसंच्या तसं छापता. घरी वऱ्हाडी आहेच, शाळेनं प्रमाण मराठी द्यायची. दहावीच्या पेपरात 'मले' लिहिलं की मार्क पोराचे जातात, तुमचे नाही.

रिद्धपूरची ताई:
गुरुजी, आदर ठेवून सांगते. लीळाचरित्र आमच्या रिद्धपुरात तेराव्या शतकात लिहिलं गेलं, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी लोकांच्या बोलीतच ठेवल्या, आज तिथंच मराठीचं विद्यापीठ आहे. माझ्या वर्गात नियम एकच, माणूस बोलला तर त्याच्या बोलीत, आपण सांगतो ते प्रमाण मराठीत. आजी म्हणते 'मले पाणी दे', पोरगं लिहिते 'आजीने माझ्याकडे पाणी मागितले'. एकाच पानात दोन्ही येतात, अन कुठं कोणती वापरायची हे त्याला समजते. नुसती 'चूक' म्हटलं की पोरं लिहिणंच बंद करतात, हे मी पाहिलं आहे.

निवृत्त गुरुजी, अकोट:
हा नियम मला पटला. पण तो पाचवीच्या आधी चालणार नाही, लहान लेकराचा गोंधळ होईल, इथं मी ठाम आहे.

पऱ्हाटी:
अन फोटोचं काय? पोरीचं पूर्ण नाव, गाव, शाळेचा ड्रेस, सगळं जगाला दिसून राहिलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या लेकराच्या माहितीसाठी आईबापाची परवानगी घ्यायची असं आहे. घेतली का?

वावरातला मास्तर:
तोंडी घेतली होती, लेखी नाही. हे चुकलंच माझं. आज रात्री सगळे फोटो काढतो, आडनाव अन गाव पण, अन सोमवारी पालकांकडून सही घेतो. ज्याची सही नाही येणार त्याचं लिखाण वर्गाच्या भिंतीवर लावू, प्रश्न चिठ्ठीवर लिहून खाली डकवायचे. तुमच्या पुतण्याचं पाठवाल का? पहिली चिठ्ठी मी लिहितो.