मोड आलेली मटकी गोणीत एवढी गरम का होते?

उसळवाली
मी मिसळवाल्यांना मोड आलेली मटकी पुरवते. एरवी पाच-सहा किलो असते, पंच्यात बांधून टांगते. परवा मोठी ऑर्डर होती म्हणून पंधरा किलो भिजवली, निथळली आणि सगळी एकाच गोणीत बांधून ठेवली. पहाटे मधोमध हात घातला तर ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी गरम! मधली दोन-तीन किलो चिकट झाली होती, आंबूस वास येत होता. टाकूनच दिली. अकरावीतली लेक म्हणते, "आई, मटकी श्वसन करते." दाण्याला नाक नाही, फुप्फुस नाही, गोणीत ऊन नाही. मग ही ऊब येते कुठून? मला नीट समजून घ्यायचंय.

कोकणी_माणूस
उन्हाळा आहे ताई, खोलीच तापली असेल.

उसळवाली
नाही भाऊ. शेजारी कोरड्या मटकीचं पोतं होतं, ते गार होतं.

निवृत्त_मास्तर
ताई, कोरडं पोतं गार होतं ही तुमची नोंद फार मोलाची. लेक बरोबर सांगतेय.

कोरडा दाणाही जिवंत असतो, फक्त त्याच्या पेशींचा कारभार जवळजवळ थांबलेला असतो. पाणी मुरलं की एन्झाइम कामाला लागतात आणि साठवलेल्या स्टार्चची साखर होते. ती पेशीत टप्प्याटप्प्याने जळते. आधी पेशीद्रव्यात ग्लुकोजचे दोन तुकडे पडतात. ते तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात जातात, तिथे क्रेब चक्र नावाच्या अभिक्रियांच्या फेऱ्यात त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी बनतं. पेशीचं श्वसन ते हेच. त्याला नाक लागत नाही, दाण्यात हवा झिरपली की झालं.

या खटाटोपातून पेशीला हवं असतं एटीपी, म्हणजे ऊर्जा साठवून पेशीच्या कामांना पुरवणारा रेणू. मोड वाढतो तो त्याच्या जोरावर. आता हिशेब बघा. १८० ग्रॅम ग्लुकोज (एक मोल, म्हणजे रेणूंचं एक ठरावीक मोजमाप) पूर्ण जळलं की सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा सुटते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे साधारण ३० एटीपी धरले, आणि एटीपीच्या दर मोलमागे ७.३ किलोकॅलरी, तर त्यांत साठते ३० गुणिले ७.३, म्हणजे २१९ किलोकॅलरी. जेमतेम तिसरा हिस्सा! बाकीची उष्णता होते. तुमच्या हाताला लागली ती हीच.

वाटीभर मटकीची ऊब हवेत निघून जाते, पंधरा किलोंच्या ढिगाच्या पोटातून तिला वाट मिळत नाही. तिथे ऑक्सिजनही कमी पडतो. मग पेशी विनॉक्सीश्वसनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवायच्या श्वसनावर येते, त्यात ग्लुकोजमागे मिळतात फक्त २ एटीपी. शिवाय उबेत जिवाणू माजतात. चिकटपणा आणि आंबूस वास बहुतेक त्यांचाच.

एटीपी शिकवताना मी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो. आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५. हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासोबत त्यांनी १९२९ मध्ये एटीपी शोधलं. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनीही. आपल्या मुलांच्या कानावर हे नाव पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बारावीची_तयारी
सर, दादाच्या जुन्या वहीत ३८ एटीपी आहेत. तुम्ही ३० कसे म्हणता?

निवृत्त_मास्तर
३८ हा जुना हिशेब, एनएडीएच आणि एफएडीएच२ या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंमागे अनुक्रमे ३ आणि २ एटीपी धरून केलेला. बहुतेक एटीपी थेट तयार होत नाही. तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन साठतात आणि परत आत येताना एटीपी घडवतात. ही कल्पना पीटर मिचेल यांची, त्यासाठी त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. काही प्रोटॉन फॉस्फेट आत आणण्यात खर्च होतात, म्हणून आता सुमारे अडीच आणि दीड धरतात. बेरीज येते ३० ते ३२. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिही, पण हे कारण लक्षात ठेव.

उसळवाली
सर, काल परत पंधरा किलो केली. जाळीच्या चार क्रेटमध्ये पातळ थर दिला, रात्री दोनदा उठून गार पाणी मारलं. सकाळी कोमटसुद्धा नव्हती, मोड लांबसडक! एकच शंका उरली. साखर जळते म्हणता, मग मोड आल्यावर वजन वाढतं कसं?

निवृत्त_मास्तर
वाढतं ते पाण्याचं. सारख्या वजनाच्या दोन मुठी घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीला मोड आणा. मग दोन्ही कडकडीत वाळवून तोला. मोडाची कमी भरेल. तेवढा ऐवज कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. लेकीला करायला सांगा, आणि वजनं इथे कळवा.